नावेचा खिळा
(वार्षिक संमेलनात लकडगंज, नागपूर येथे दिलेले भाषण)



लकडगंजात उभे राहून मी नावेविषयी बोलणार, हे ऐकून काहींना हसू येईल. समुद्र येथून फार दूर. परंतु वैनगंगेच्या पात्रात नावा आहेत, आणि सागवानाचा विषय निघाला की माणसे आपल्याच पेठेकडे वळतात.

काही वर्षांपूर्वी भंडाऱ्याकडील एक ढीवर गृहस्थ मजकडे आले. त्यांच्या आजोबांच्या वेळची सागवानी नाव गळू लागली होती. मी दोन फळ्या बदलल्या; ते काम चांगले साधले. एका जुन्या फळीस मात्र चीर होती. ती काढून टाकण्यास त्यांचे मन होईना, म्हणून मी चिरेवर तांब्याचा पत्रा बसविला आणि हाताशी होते ते लोखंडी खिळे ठोकले. दुसरा पावसाळा सरला आणि ते परत आले. पत्रा शाबूत होता, खिळ्यांची डोकी झडून गेली होती. नाव पाण्यात असतानाच पत्रा सुटला, आणि त्या वेळी त्यांचा लहान मुलगा नावेत होता. काठ जवळ म्हणून निभावले. "मिस्त्री, लाकूड तुमचे चांगले होते," एवढेच ते बोलले. ते काम मी पुन्हा विनामोबदला करून दिले, हे सांगण्यात काही मोठेपणा नाही.

पुढे वाचनात आले की हीच चूक इंग्रजांच्या आरमाराने माझ्या कितीतरी आधी केली होती. १७६१ साली 'अलार्म' नामक युद्धनौकेच्या तळास तांब्याचे पत्रे मढविले. दोन वर्षांनी पाहतात तो लोखंडी खिळे कुजून गेलेले. ज्या खिळ्यांपाशी पत्र्याच्या वेष्टनाचा तपकिरी कागद चुकून राहिला होता, तेवढे शाबूत! दोन निराळे धातू ओल्यात एकमेकांस लागले की त्यांतला एक दुसऱ्यास खातो. तांबे आणि लोखंड यांत मरण लोखंडाचे. तांबे मोठे आणि खिळा लहान असेल, तर ते अधिकच लवकर.

म्हणून जुनी नाव हाती आली की प्रथम आत कोणता धातू आहे ते पाहावे. लोखंडी खिळ्यांची नाव असेल व ती गोड्या पाण्यात चालावयाची असेल, तर जाड जस्ती मुलाम्याचे लोखंडच घालावे. सागवानातील तेलामुळे लोखंड त्यात बरेच टिकते. बाभळीत ठोकलेल्या खिळ्याभोवती काळा डाग कसा पडतो, हे आपल्या घरातील पोरेही जाणतात. खाऱ्या पाण्याची गोष्ट वेगळी. तेथे लोखंड गंजून फुगते आणि फळीच फोडते. त्या ठिकाणी तांब्याचा खिळा आरपार घालून आतून तांब्याच्या चकतीवर ठोकून बसवावा, अथवा कांशाचा स्क्रू वापरावा. पितळेच्या स्क्रूस मात्र भुलू नये. समुद्राच्या पाण्यात त्यातील जस्त निघून जाते. वरून स्क्रू धड दिसतो, पण पेचकस लावताच मोडतो. स्टेनलेस स्टीलचाही आज फार बोलबाला आहे. परंतु ओल्या लाकडात, जेथे हवा पोचत नाही, तेथे तेही आतल्या आत कुरतडले जाते.

आपल्या देशात खिळ्यावाचूनही जहाजे होत. अजिंठ्याच्या चित्रातील जहाजावरून गोव्यात बांधलेले 'कौंडिण्य' मे २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झाले. त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. आणि मुंबईच्या गोदीत वाडिया मिस्त्रींनी बांधून १८१७ साली पाण्यात सोडलेली सागवानी 'त्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूल येथे दुरुस्त होऊन आजही उभी आहे.

तरुणांस एक हातची गोष्ट सांगतो. जुना खिळा वरून उपटू नका. आत वळविलेले टोक आधी कापा, मग आतूनच हलके ठोकून बाहेर काढा. नव्या खिळ्यास गिरमिटाने वाट करून द्या, तीही खिळ्याहून किंचित बारीक. जुने भोक सैल झाले असेल तर त्यात सागवानाचीच खुंटी बसवून शेजारी नवे भोक पाडा.

त्या नावेतला डोके झडलेला एक खिळा मी सोबत आणला आहे. सभा आटोपल्यावर तो हातात घेऊन पाहावा.