तुकडे नकोत, जाळं हवं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आठवणी सगळ्यांनी सांगितल्या. मी गावाच्या एका कामाविषयी बोलते.

असोदा ते जळगाव हे अंतर साधारण पाच किलोमीटर. बहिणाबाईंचं माहेर आणि सासर यांतलं हे अंतर सायकलने वीस-पंचवीस मिनिटांचं. मानव विकास कार्यक्रमात निवडलेल्या तालुक्यांमध्ये आठवी ते बारावीच्या मुलींना सरकार सायकल देतं. पण नुसती सायकल देऊन भागत नाही. निम्मा रस्ता चांगला आणि पुढे ट्रक-ट्रॅक्टरच्या गर्दीत एकच धोक्याचा चौक असला, तर आईवडील मुलीला पाठवत नाहीत. संगणकाच्या जाळ्यातही असंच असतं. दुसरी वाट नसेल आणि एक दुवा तुटला, तर बाकीची तार कितीही चांगली असो, निरोप पोहोचत नाही.

पुणे महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला. त्यात सुमारे ८२४ किलोमीटरचं जाळं आखलं होतं. पण तिथले जुने सायकलमार्ग पाहा: मध्येच बसथांबा, मध्येच उभ्या गाड्या, चौक आला की मार्ग गायब! किलोमीटर मोजले गेले, पण सलगपणा राहून गेला.

याउलट बेल्जियममधल्या लिम्बुर्ख प्रांतात १९९५ साली खाणीत काम केलेल्या एका अभियंत्याच्या कल्पनेतून वेगळंच जाळं उभं राहिलं. असलेलेच छोटे रस्ते जोडले आणि प्रत्येक फाट्याला क्रमांक दिला. क्रमांक पाहत माणूस गावोगाव जातो.

आपल्याकडेही शेतरस्ते आहेतच. भरताची वांगी घेऊन शेतकरी त्यांवरून रोज येतात-जातात. असोदा, भादली, नशिराबाद, जळगाव या गावांमधले असे रस्ते कुठे जुळतात, कुठे तुटतात, पावसाळ्यात कुठे चिखल होतो, रेल्वे कुठे ओलांडावी लागते, याचा नकाशा आपण करू या. शाळेतल्या मुलींना सोबत घेऊ, कारण अडचण नेमकी कुठे येते हे त्याच सांगतील. नकाशा झाला की ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेकडे 'रस्ता करा' असं मोघम न म्हणता 'हे एवढे दुवे जोडा' असं सांगता येईल.

मोबाइलमध्ये नकाशा तयार करायचं काम माझं. पायी किंवा सायकलवर फिरून नोंदी करणारे हात तुमचे हवेत. जेवणानंतर माझ्याकडे नावं द्या.