माशांचें क्वारंटाईन

दुकानांतून प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून आणलेला नवा मासा घरांतील मंडळींच्या डोळ्यांस बहुधा अगदीं निरोगी दिसतो. निळ्या अंगाचा, पिवळ्या शेपटीचा एखादा सर्जन मासा प्रवाळांनीं सजविलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकींत सोडला जातो, मुलें कांचेला नाक लावून बसतात, आणि चार दिवस आनंदीआनंद असतो. मग एके सकाळीं त्याच्या परांवर कुणीं मिठाचे कण शिंपडावेत तसे पांढरे ठिपके दिसूं लागतात. तो खडकाला अंग घासतो, भराभर कल्ले हालवितो. पुढें दोन-तीन दिवसांनीं पाहावें तों ठिपके नाहींसे झालेले असतात, आणि घरांत सुटकेचा निःश्वास टाकला जातो. वास्तविक त्या घटकेला रोग गेलेला नसतो. तो नुसता माशावरून उतरून टाकीच्या तळाशीं गेलेला असतो. तो परततो तेव्हां एकट्या नव्या पाहुण्यासाठीं परतत नाहीं, तर तेथें वर्षानुवर्षें सुखानें नांदत असलेल्या साऱ्या बिऱ्हाडासाठीं परततो.

आजाराचा संशय असलेल्यास वेगळें ठेवण्याची कल्पना मनुष्याला जुनीच आहे. एड्रियाटिक समुद्राच्या कांठच्या रागुसा नगरानें, म्हणजे आजच्या दुब्रोव्निकनें, १३७७ सालीं सांथीच्या मुलुखांतून येणारांस ३० दिवस बाहेर थांबविण्याचा नियम केला. पुढें ही मुदत ४० दिवसांची झाली, आणि इटालियन भाषेंतील त्या चाळिसाच्या आंकड्यावरूनच 'क्वारंटाईन' हा शब्द निघाला. मुंबई-पुण्याकडील घरांत तो १८९६-९७ च्या प्लेगानें आणला, आणि २०२० सालीं 'विलगीकरण' या नांवानें तो पुन्हां दारांत उभा राहिला. या नियमाचें मर्म इतकेंच कीं, जहाज निरोगी दिसतें यावर विसंबावयाचें नाहीं, दिवस मोजावयाचे. माशांच्या बाबतींत नेमकें हेंच हौशी लोकांच्या गळीं लवकर उतरत नाहीं.

लंडनच्या रीजंट पार्कमधील प्राणिसंग्रहालयाचें मोठें मत्स्यालय १९२४ सालीं उघडलें व २०१९ सालीं बंद झालें. तेथील समुद्री माशांच्या कल्ल्यांना व त्वचेला चिकटणाऱ्या एका सूक्ष्म परोपजीवीचें वर्णन ब्राऊन यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्याला आज अमायलोऊडिनियम म्हणतात. माशाच्या अंगावर मखमलीवर बसलेल्या बारीक धुळीसारखा थर दिसतो, म्हणून रोगाचें नांव मखमली रोग. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा अभ्यास जपानमध्यें सिकामा यांनीं १९३७ च्या सुमारास केला, आणि त्याच्या जंतूला 'क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स' हें नांव १९५१ सालीं ब्राऊन यांनींच दिलें. असे रोग मोकळ्या समुद्रापेक्षां कांचेच्या भिंतींआड आधीं नजरेस यावेत, यांत आश्चर्य नाहीं. कां, तें या जंतूच्या दिनक्रमावरून कळतें.

हा जंतु माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखालीं शिरून तीन ते सात दिवस तेथें पोसला जातो. जो ठिपका डोळ्यांना दिसतो, तो हाच पुष्ट झालेला जंतु. पोट भरलें कीं तो बाहेर पडतो, आणि तोही बहुधा काळोखांत, म्हणजे मासा एका जागीं विसावलेला असतांना. थोडा वेळ तळाशीं सरपटून तो दगडाला, वाळूला किंवा शिंपल्याला चिकटतो व स्वतःभोंवतीं चिवट कोश विणतो. त्या कोशांत त्याचे तुकडे होत होत दोनशेंपर्यंत पोरें तयार होतात, आणि कोश फुटला कीं तीं पोहत सुटून मासा शोधूं लागतात. एक-दोन दिवसांत मासा सांपडला नाहीं तर तीं मरतात. समुद्राच्या अफाट पाण्यांत बहुतेकांच्या नशिबीं हेंच येतें. परंतु दोनशें लिटरच्या टाकींत मासा जाणार कोठें? रात्रीं तो ज्या कपारींत झोंपतो, तिच्याच तळाशीं हे कोश फुटतात. एकाचे दोनशें आणि दोनशेंचे चाळीस हजार हा हिशेब पंधरवड्या-तीन आठवड्यांत पुरा होऊं शकतो.

औषधाची खरी अडचण येथें आहे. त्वचेखालीं असतांना जंतु माशाच्या कातडीच्या आश्रयाला असतो, कोशांत असतांना कोशाच्या. औषधाच्या तडाख्यांत तो सांपडतो तो केवळ पोहण्याच्या त्या एक-दोन दिवसांत. म्हणून औषध दुप्पट घातल्यानें काम निम्म्या वेळांत होत नाहीं. मासा मात्र निम्म्या वेळांत मरतो. खाद्याला लसणाचा रस चोळण्याचा एक उपाय फार लोकप्रिय आहे. त्यानें माशाला खाण्याची वासना होत असेल तर चांगलेंच आहे, पण ठिपके लसणानें गेले असें जेथें सांगितलें जातें, तेथें ते बहुधा आपल्याच वेळापत्रकानें गेलेले असतात.

या रोगावरील जुनें औषध म्हणजे तांबें, अर्थात् मोरचूद. पण प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय यांना तांब्याचा अंशही विषासमान असतो. शिवाय चुनखडीचे दगड व वाळू तें शोषून घेतात आणि पाण्यांतील प्रमाण भरवशाचें राहत नाहीं. म्हणून सजविलेल्या टाकींत तें घालणें म्हणजे उंदरासाठीं घर पेटविणें होय. रुग्णासाठीं निराळी टाकी हवी, आणि ती अगदीं उघडीवाघडी हवी: तळाला नुसती कांच, लपायला प्लॅस्टिकच्या नळाचे तुकडे, एक हीटर, हवेचा पंप व स्पंजाची गाळणी. हा स्पंज कांहीं आठवडे आधीं निरोगी टाकींत ठेवलेला असावा, म्हणजे माशाच्या मलमूत्रापासून होणारा अमोनिया पचविणारे उपकारक जंतु त्यांत वस्तीस आलेले असतात. या एका गोष्टीची हयगय झाल्यामुळें पुष्कळ मासे रोगानें न मरतां रुग्णालयांत मरतात, आणि दोष औषधाच्या माथीं जातो.

मोरचुदाचा वापर करावयाचा तर लिटरमागें ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम इतकें मोकळें तांबें पाण्यांत राहावें लागतें. त्याहून कमी झालें तर जंतु वांचतो, फार जास्त झालें तर मासा दगावतो. शंभर लिटर पाण्याला वरची मर्यादा गांठण्यास शुद्ध मोरचूद सुमारें ७९ मिलिग्रॅम लागतो, म्हणजे एका गुंजेहूनही कमी! चिमटीनें घालण्याचा हा पदार्थ नव्हे, आणि बाजारांतील शेतीचा मोरचूदही नव्हे. एक-दोन दिवसांत हळूहळू हें प्रमाण गांठावें, रंगपरीक्षेच्या संचानें दिवसांतून दोनदां तपासावें, आणि निदान तीन आठवडे त्यांत खंड पडूं देऊं नये. मधल्या एका दिवशीं प्रमाण उतरलें तर मोजणी पुन्हां पहिल्या दिवसापासून धरावी लागते. तयार औषधांत तांबें दुसऱ्या द्रव्याशीं बांधलेलें असतें. त्याचें प्रमाण निराळें असल्यामुळें वरचा आंकडा तेथें लावूं नये.

तांब्यावांचूनही एक मार्ग आहे, आणि त्यांत औषध मुळींच नाहीं. कोश फुटण्यास निदान तीन दिवस लागतात, हें ध्यानांत घेऊन मासा दर तीन दिवसांनीं दुसऱ्या स्वच्छ, कोरड्या केलेल्या टाकींत हालवावयाचा. मासा पुढें जातो, कोश मागें राहतात. अशीं चार स्थलांतरें बारा दिवसांत झालीं कीं अंगावर कांहीं उरत नाहीं. तांबड्या समुद्राच्या कांठीं इलात येथें अँजेलो कोलोर्नी यांनीं १९८० नंतरच्या दशकांत या जंतूच्या जीवनक्रमावर व प्रतिबंधावर काम केलें, त्यांतून हा उपाय पुढें आला. तिसरा मार्ग पाणी अळणी करण्याचा. समुद्रांत हजारीं ३५ भाग असलेलें मीठ हळूहळू १५ च्या खालीं आणून तीन-चार आठवडे ठेवलें असतां जंतु टिकत नाहीं. माशाचें रक्त मुळांतच समुद्राहून पुष्कळ कमी खारें असल्यानें त्याला तें मानवतें. मात्र कमी क्षारतेला सरावलेले कांहीं वाण आढळलेले आहेत.

उपाय निवडण्यापूर्वीं रोग ओळखावा. मखमली रोगावर अळणी पाणी किंवा टाकी बदलणें उपयोगी पडत नाहीं. तेथें तांबेंच लागतें, आणि तेंही तातडीनें, कारण हा रोग ठिपके धड दिसण्यापूर्वींच कल्ले निकामी करून एक-दोन दिवसांत मासा नेतो. डोळे धुरकट झाले असतील तर चपट्या कृमींचा संशय घ्यावा. अशा माशाला तितक्याच उष्णतेच्या गोड्या पाण्यांत पांच मिनिटें धरलें तर कृमि पांढरे होऊन तळाशीं गळून पडतात, आणि निदान व आराम दोन्ही एकदमच होतात. पुढें प्राझिक्वांटेल द्यावें लागतें. तें अंडीं मारीत नसल्यानें आठवड्यानें दुसरी मात्रा चुकवूं नये.

मासा बरा झाला तरी त्याला लगेच घरीं नेतां येत नाहीं. मोठ्या टाकीच्या दगडांवर कोश तसेच असतात. बहुतेक लवकर फुटतात, पण ७२ दिवसांनीं फुटलेलेही प्रयोगशाळेंत नोंदले गेले आहेत. म्हणून जाणते लोक ती टाकी ७६ दिवस एकही मासा न ठेवतां चालूं ठेवतात. प्रवाळांचे दिवे लावावयाचे, कोळंब्यांना चिमूटभर खाद्य टाकावयाचें. या दिवसांत दोन्ही टाक्यांचें जाळें, बादली, नळी वेगवेगळीं ठेवावयाचीं, आणि ओला हात एकींतून दुसरींत घालावयाचा नाहीं. दुकानांतून नवा प्रवाळाचा तुकडा किंवा एखादी गोगलगाय आली, तर तिच्या शंखावरही कोश चिकटलेला असूं शकतो. तिलाही माशांवांचूनच्या भांड्यांत तेवढेच दिवस काढावे लागतात.