चुकलेल्या उत्तरांची नोंदवही

एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती? वर्गातला एखादा मुलगा उत्तर लिहितो, दोन पंचमांश. आपण तांबड्या शाईने फुली मारतो आणि वही परत करतो. आता पाहा, त्याने अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला. त्याच्याजवळ नियम होता, पण तो चुकीचा होता. फुलीवरून हे कुणालाच कळत नाही.

अमेरिकेतल्या वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये नील आणि क्रिस्टिना हेफर्नन यांनी तयार केलेले ‘असिस्टमेंट्स’ हे साधन नेमके इथे उपयोगी पडते. मूल संगणकावर गृहपाठ करते. उत्तर बरोबर की चूक, ते तिथल्या तिथे समजते. अडले तर सूचना मिळते. शिक्षकापुढे तक्ता येतो : कोणते उदाहरण किती जणांना अडले आणि कोणते चुकीचे उत्तर पुष्कळांनी दिले. दुसऱ्या दिवशीचा तास मग तिथूनच सुरू करता येतो.

मेन राज्यातल्या ४३ शाळांत सातवीच्या गणितासाठी याची कसोटी घेतली गेली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. साधन वापरणारी मुले वर्षअखेर इतरांच्या पुढे गेली. अधिक लाभ झाला तो गणितात मागे पडलेल्यांना.

मात्र नोंदीवर डोळे मिटून विसंबू नये. काही मुले विचार न करता सूचनांमागून सूचना मागतात आणि शेवटी मिळालेले उत्तर उतरवून काढतात. उदाहरण पुरे होते, समजत काहीच नाही. शिवाय ही नोंद जाते कुणाच्या हाती, हेही विचारायला हवे. विद्यार्थ्यांची माहिती एकत्र साठवणारी ‘इनब्लूम’ ही अमेरिकन संस्था २०१३ मध्ये पुढे आली आणि पालकांच्या विरोधामुळे २०१४ मध्ये तिला गाशा गुंडाळावा लागला. सातवीतली चूक मुलाला जन्मभर चिकटावी, असे कोणत्या आईबापाला वाटेल?

म्हणून ही नोंद शिक्षकाच्या हाती, वेळेवर आणि शिकवण्यापुरतीच असावी. तक्ता पाहून शिक्षकाने त्या मुलाजवळ बसावे आणि म्हणावे, “बाळ, अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला, तर ती अर्ध्याहून कमी कशी रे होईल?” मुलगा क्षणभर थांबेल, पाटी पुसेल आणि पुन्हा मांडील.