दर कोणी विचारायचा?

श्रोतेहो, आमच्या भिवंडीत भाव ठरल्याशिवाय माग सुरू होत नाही. सूत काय दराने घ्यायचे, कारागिराला मीटरमागे मजुरी किती, सारे आधी बोलून होते. पण त्याच कारागिराच्या छातीत मध्यरात्री कळ आली, की शेजारी त्याला रिक्षात घालतात आणि जे इस्पितळ उघडे दिसेल तिथे नेतात. तिथे भाव कोण विचारणार? आणि कोणत्या तोंडाने?

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही सांगतो, की गिऱ्हाईक चार दुकाने हिंडून माल निवडते. आजारी माणूस असे गिऱ्हाईक नव्हे. म्हणून त्याच्या बाजूने आधीच कुणीतरी बोलून ठेवायला हवे.

महाराष्ट्रात ते थोडेफार झाले आहे, बरं का. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा आपला कायदा १९४९ सालचा. त्याचे नियम २०२१ च्या जानेवारीत सुधारले. खाटेचे भाडे, डॉक्टरांची भेट, अतिदक्षता विभाग अशा ठराविक बाबींचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावणे खासगी इस्पितळांना बंधनकारक झाले. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. तेव्हा "दरपत्रक कुठे लावलंय?" एवढे विचारायला लाजू नका. दाद लागली नाही, तर शहरात महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे तक्रार करता येते.

आता विम्याचे पाहा. पॉलिसी खिशात आहे म्हणून पुष्कळजण निर्धास्त असतात. पण पैसे न भरता उपचार सहसा मिळतात ते कंपनीचा करार असलेल्या इस्पितळांतच. दुसरी मेख खोलीच्या भाड्यात. मर्यादेपेक्षा भारी खोली घेतली, की भाड्यातला फरक तर पडतोच. शिवाय डॉक्टरांच्या फीसारख्या रकमांनाही त्याच प्रमाणात कात्री लागू शकते. औषधे आणि तपासण्या यांना मात्र ही कात्री लावू नये, असे विमा नियामकाने २०२० मध्ये ठरवून दिले. २०२४ मध्ये त्याने आणखी बजावले, की इस्पितळाकडून अंतिम बिल आल्यावर कंपनीने ३ तासांत मंजुरी द्यावी. उशिरामुळे वाढलेला खर्च तिनेच सोसावा. कंपनीने महिनाभरात तक्रार सोडवली नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी पडत नाही.

विमा नसेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. मात्र ठरलेल्या आजारांवर आणि योजनेत घेतलेल्या इस्पितळांतच. तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो. आपल्या जवळचे असे इस्पितळ कोणते, हे घरात सारे धडधाकट असतानाच विचारून ठेवावे आणि शिधापत्रिकेशेजारी लिहून ठेवावे.

पण श्रोतेहो, दर कळणे वेगळे आणि दर आवाक्यात असणे वेगळे. भिंतीवरचा फलक आकडा दाखवतो, तो कमी करीत नाही. आणि बेशुद्ध माणसाला फलक वाचता येत नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२२ पासून एक कायदा लागू झाला. तातडीच्या वेळी विमेदार रोगी करारबाहेरच्या इस्पितळात पोचला, तरी त्याने करारातल्या इस्पितळात पडला असता तेवढाच वाटा द्यायचा. बाकीचा वाद इस्पितळ आणि विमा कंपनीने आपसांत मिटवायचा. रुग्णवाहिकेचे भाडे तेवढे तिथेही सुटून राहिले.

आपल्याला हे अशक्य आहे काय? २१ मे २०२० रोजी, करोनाच्या ऐन कहरात, याच राज्याने खासगी इस्पितळांतील ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले होते. साध्या कक्षात दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागात ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. बिले तपासायला लेखापरीक्षकही नेमले होते. साथ ओसरली, ते दरही गेले. ज्याच्या घरी आज रात्री कुणाच्या छातीत कळ येईल, त्याला मात्र साथ असो वा नसो, संकट तेवढेच आहे. निदान तातडीच्या उपचारांचे दर कायमचे बांधून द्या, एवढे मागणे आपल्या नगरसेवकापासून आमदारापर्यंत प्रत्येकाकडे मांडायला आपल्याला काय हरकत आहे?