महापालिकेची शाळा कोणाची?

(उपनगरांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



पाणी, रेशन आणि घर या प्रश्नांवर उपनगरांतील जनता अनेकदा रस्त्यावर उतरली. गोरेगावच्या मृणालताईंना तर लोकांनी ‘पाणीवाली बाई’ हेच नाव दिले. त्या मानाने वस्तीतील महापालिकेची शाळा मात्र आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर नेहमी मागेच राहिली. आज तिच्याविषयी बोलायचे आहे.

1882 साली जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे रोखठोक मांडणी केली : सरकारचा महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि त्यांच्या मुलांचे प्राथमिक शिक्षण मात्र उपेक्षित राहते. मुंबई महापालिकेच्या 1888 च्या अधिनियमात प्राथमिक शाळा चालवणे हे बंधनकारक कर्तव्य आहे. ती महापालिकेची मेहेरबानी नव्हे. परंतु महापालिकेची हद्द तेव्हा शहरापुरती होती. 1920 साली शहरासाठी प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. त्याच वर्षी उपनगरांचा स्वतंत्र जिल्हा झाला. अंधेरी व घाटकोपर 1950 मध्ये, तर बोरिवली व मुलुंड 1957 मध्ये बृहन्मुंबईत आले, तेव्हा कुठे महापालिकेचे हे कर्तव्य तेथवर पोहोचले.

शिक्षणाची आस उपनगरांना त्यापूर्वीही होती. पार्ल्यात 1921 साली टिळक विद्यालय उभे राहिले ते नागरिकांच्या पुढाकाराने. अशा संस्थांचे ऋण मान्यच केले पाहिजे. पण घाटकोपरच्या डोंगरउतारावरील मजुराला, बोरिवलीच्या जंगलालगत राहणाऱ्या आदिवासी कुटुंबाला संस्था काढणे शक्य नव्हते. त्यांच्यासाठी महापालिकेची शाळा हाच एक दरवाजा होता. मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ भाषांतून शिकवणारी ही व्यवस्था म्हणजे या महानगराच्या श्रमिक जीवनाचे प्रतिबिंबच होय.

पुढे मराठी माध्यमाच्या वर्गांचा पट घटत गेला. पालकांना महापालिकेची शाळाच नको, असा निष्कर्ष त्यावरून काढला गेला. तो खोटा आहे. 2020 साली जोगेश्वरीत महापालिकेने केंद्रीय मंडळाची शाळा सुरू केली. पुढच्या वर्षी अशा शाळांची संख्या वाढवली, तरी प्रवेशासाठी सोडत काढावी लागली. पालक पाठ फिरवतात ती उपेक्षेकडे, सार्वजनिक शाळेकडे नव्हे. मात्र जो हक्क चिठ्ठीत नाव निघाले तरच मिळतो, त्याला हक्क कसे म्हणावे? निवडक शाळांना नवे रूप आणि बाकीच्यांना जुनी अनास्था, ही नवी वर्णव्यवस्था आपण मान्य करता कामा नये.

याहून गंभीर प्रश्न लोकनियंत्रणाचा आहे. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली. निवडणूक झाली ती जानेवारी 2026 मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार होता. नगरसेवक नाहीत, म्हणून शिक्षण समितीही नाही. दरवर्षी तीन हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेचे शिक्षणाचे अंदाजपत्रक लोकप्रतिनिधींच्या चर्चेविना मंजूर होत राहिले. त्याविरुद्ध मोठे आंदोलन उभे राहिले नाही, हे आपल्या चळवळीचे अपयश आहे.

परंतु नगरसेवक निवडून आले म्हणजे काम संपले असे नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, असे सांगितले आहे. शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे हा या समितीचा अधिकार आहे. धुणीभांडी करणाऱ्या बाईला कायद्याने दिलेली ही सत्ता आहे. कागदावरून ती प्रत्यक्षात उतरवणे हे कार्यकर्त्याचे काम.

म्हणून प्रत्येक शाखेने आपल्या प्रभागातील एक शाळा निवडावी. पट किती, शिक्षकांच्या जागा किती रिक्त, समितीची बैठक केव्हा झाली आणि इतिवृत्तावर पालकांनी वाचून सही केली की नुसता अंगठा उमटवला, याची माहिती घ्यावी. मग पालकांनाच पुढे करून वॉर्ड ऑफिसात जावे. पाण्यासाठी हंडे घेऊन निघालेल्या स्त्रियांच्या नाती-पणती आज त्या वर्गांत बसत असतील. त्यांच्यासाठी एवढे करणे आपल्याला अशक्य नाही.