मोटारीचें सारथ्य : कालचें आणि आजचें

खोपोलीहून खंडाळ्यास चढणारा बोरघाट हा मोटारीची आणि ती हांकणाराची एकदमच परीक्षा घेणारा रस्ता होय. १८३० सालीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं चाकांच्या गाड्यांसाठीं तो खुला केला, तेव्हां परीक्षा बैलांची होती. पुढें मोटारी आल्या. अर्ध्या चढावर पाणी उकळलें कीं गाडी कडेला घेऊन, चाकांमागें दगड लावून, वाफ निवळेपर्यंत बसून राहणें हें प्रवासाचें एक अंगच समजलें जाई. खरा सारथी मात्र पाणी उकळण्यापूर्वींच सावध होई. एंजिनाचा सूर जड झाला, क्लचचा करपट वास आला, कीं त्याचा हात आपोआप खालच्या गिअरकडे वळे. रस्त्याची आणि यंत्राची वार्ता त्याला कानानें, नाकानें आणि पायाच्या तळव्यानें कळत असे.

ही विद्या कष्टाची होती, आणि तिच्याविषयीं फार हळवें होण्याचें कारण नाहीं. हँडल मारून गाडी चालू करतांना आंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा लागे. मुठीनें हँडल आवळून धरणाराचा आंगठा किंवा मनगट एंजिनाच्या एका उलट्या झटक्यासरशी मोडण्याचा संभव असे. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर बसला आणि ही भीति ओसरूं लागली. १९२८ मध्यें त्याच कंपनीनें दांते सहज जुळविणारा सिंक्रोमेश गिअर आणला; क्लच दोनदां दाबून गिअर पाडण्याची कसरत हळूहळू मागें पडली. भारतांत २०१४ सालीं मारुतीच्या सेलेरिओ गाडीनें कमी किंमतींत आपोआप पडणारा गिअर दिला, आणि शहरांतील गर्दींत डाव्या पायाला विसांवा मिळाला. यांत कोणाचें कांहीं नुकसान झालें असें म्हणणें कठीण आहे.

तथापि घाटाच्या उतारावर हिशेब निराळा होतो. जुना नियम असा, कीं ज्या गिअरनें घाट चढावा त्याच गिअरनें तो उतरावा. म्हणजे एंजिनच गाडीला मागें ओढून धरतें. आपोआप गिअर बदलणाऱ्या पुष्कळ गाड्या उतारावर भार हलका झालेला पाहून वरचा गिअर पाडतात. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि तापलेल्या ब्रेकची पकड ढिली होऊं लागते. अशा गाड्यांतही खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय बहुधा असते. परंतु डावा पाय मोकळा झालेल्या नव्या सारथ्यास त्या सोयीचें प्रयोजनच पुष्कळदां ठाऊक नसतें.

ब्रेकची दुसरीही एक गोष्ट आहे. ओल्या रस्त्यावर ब्रेक जोरानें दाबला तर चाकें जागच्या जागीं थांबतात, गाडी मात्र घसरत राहते, आणि मग स्टिअरिंग फिरवून उपयोग होत नाहीं. म्हणून जुने उस्ताद ब्रेक दाबून-सोडून-दाबून वापरण्यास शिकवीत. बॉश कंपनीनें तयार केलेली आणि १९७८ सालीं मर्सिडीजच्या गाड्यांत बसविलेली एबीएसची योजना हेंच काम एका सेकंदांत अनेक वेळां करते. भारतांत एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. ती काम करूं लागली म्हणजे पायाखालचें पेडल थडथडतें. कांहीं तरी मोडलें असें समजून घाबरलेला मनुष्य पाय उचलतो, आणि तो नेमका पेडल सर्व बळानें दाबून धरण्याच्या वेळीं. यंत्र आपल्या भाषेंत बोललें; ती भाषा ऐकणाराला कोणीं शिकविली नव्हती.

वेगाची जाणीव हा याहूनही सूक्ष्म विषय. जुनी गाडी ताशीं ८० किलोमीटरवर गेली कीं दारें खडखडत, चाक हातांत थरथरे, खिडकीशीं वारा गर्जे; भीति वाटण्याची व्यवस्था गाडींतच होती. आतां कांचा बंद, हवा गार, गाणें चालू. आणि मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर १०० चा वेग कांट्याकडे पाहिल्यावांचून उमगत नाहीं. भीति काढून घेतली गेली, आणि मग ती कायद्यानें परत द्यावी लागली. जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत ८० च्या पुढें अधूनमधून आणि १२० च्या पुढें सतत वाजणारी सूचना सक्तीची आहे. वाऱ्याच्या गर्जनेहून तिच्यांत भेद एवढाच, कीं गाण्याचा आवाज चढविला म्हणजे ती मागें पडते.

१९४८ सालीं केंब्रिज येथील मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. महायुद्धांत रडारवर पाळत ठेवणाऱ्यांच्या नजरेंतून खुणा कां निसटतात, हा त्यामागील प्रश्न. कोऱ्या पांढऱ्या तबकडीवर एक कांटा टप्प्याटप्प्यानें फिरे आणि क्वचित् दुप्पट उडी घेई. पाहणारानें तेवढी उडी टिपावयाची. दोन तासांच्या या कामांत पहिल्या अर्ध्या तासानंतरच उड्या अधिक निसटूं लागल्या. काम अवघड नव्हतें; कांहीं घडत नव्हतें, हीच अडचण होती.

रेघांच्या मधोमध गाडी राखणारीं आणि पुढील वाहनापासून अंतर सांभाळणारीं यंत्रें आज भारतांतील गाड्यांतही आलीं आहेत. तीं सारथ्याला तेंच तबकडीचें काम देतात: हात चाकावर असूं द्या, कांहीं करूं नका, पण पाहत राहा. जेथें रेघा पुसट, कडेनें उलट येणारी दुचाकी आणि मध्येंच ठाण मांडलेली गाय, तेथें कांटा केव्हां उडी घेईल याचा नेम नसतो. हात चाकावर आहेत कीं नाहींत हें गाडी तपासूं लागली, तर अमेरिकेंत चाकाला अडकवून तिला फसविणारी वस्तु विक्रीस आली. तेथील महामार्ग-सुरक्षा खात्यानें २०१८ सालीं ती विक्री थांबविण्यास फर्माविलें. मग सारथ्याच्या डोळ्यांवरच रोखलेले कॅमेरे आले. पापणी जड झाली कीं घंटा वाजते आणि कांहीं गाड्यांत समोर कॉफीच्या पेल्याचें चित्र उमटतें. तें पाहून पुढच्या धाब्यावर खरोखर उतरणें मात्र अजून मनुष्याकडेच आहे. आणि रात्रीं दोन वाजतां, घर चाळीस किलोमीटरवर राहिलें असतां, उतरावेंसें कोणाला वाटत नाहीं.