ज्यासाठी कर, त्यालाच पैसा



संघटनेची वर्गणी देणारा कामगार तिचा हिशेब मागतो. करालाही हाच न्याय लागला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

अमेरिकेचे उदाहरण घ्या. तेथे हौसेखातर गळ टाकणारे लाखो लोक आहेत. १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने गळकाठ्या, रिळे व कृत्रिम आमिषे यांवरील १० टक्के कराचा पैसा मत्स्यसंवर्धनासाठीच राखून ठेवला. कर भरतो कारखानदार. पण तो येतो गिऱ्हाइकाच्याच खिशातून. १९८४ च्या दुरुस्तीने मोटारबोटींच्या इंधनावरील कराचा पैसाही यात आणला. आज राज्यांच्या वाट्यातील १५ टक्के रक्कम बोटी पाण्यात उतरविण्याच्या सोयींसाठी राखीव असते.

खरी मेख अटीत आहे. राज्याने मासेमारी-परवान्यांच्या फीचा पैसा दुसऱ्या खात्याकडे वळविला, की त्याची मदत बंद!

आपल्याकडे काय झाले? बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी १९९६ च्या कायद्याने उपकर बसला. त्यातले हजारो कोटी रुपये खर्चावाचून पडून राहिले, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सरकारांचे कान उपटावे लागले.

म्हणून अमेरिकेची ती अट जरूर घ्या. कर मात्र डोळे मिटून उचलू नका. तेथला कर हौसेवर आहे. आपला कोळी पोटासाठी दर्यात जातो. त्याच्या जाळ्यावर तसाच कर लादणे हा न्याय नव्हे. ऐपत पाहून घ्या, आणि ज्यासाठी घ्याल त्यालाच लावा.